झोप लागल्यास

४ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय पुडीस,

अनेक आशीर्वाद. किती ते मोजून घे, मोजण्याचाच तुझा धंदा आहे.

तुझं पत्र मिळालं. ‘आत्या, फोन का उचलत नाहीस’ हे त्यात तीनदा आलं आहे, एकदा पुरलं असतं. अगं, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी अंदाजाने भरते. मागच्या खेपेला तू ‘बढती मिळाली’ म्हणालीस, मी ‘भरती केली’ ऐकलं आणि इथल्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सगळ्यांना सांगून टाकलं. तिघीजणी माझं सांत्वन करून गेल्या. एकीने तर तुझ्यासाठी मोसंबी दिली. ती मी खाल्ली.

त्यापेक्षा पत्र बरं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, कागदावरचं मला सगळं ऐकू येतं.

इथे ठीक आहे. खिडकीतून समोरचं गॅरेज दिसतं. दिवसभर गाड्यांची चाकं काढतात आणि परत लावतात. काढलेलंच चाक परत लावतात असा माझा संशय आहे, लक्ष ठेवून आहे. गेल्या आठवड्यात मी जरा जमिनीवर बसले. पडले नाही, बसले. अचानक. गुडघ्यावर निळा डाग आहे, तोही जाईल.

मेट्रनबाई म्हणतात तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या हवेशीर आहेत. मी म्हटलं, मला दुसऱ्या मजल्यावरची हवा पुरते.

तुझ्या त्या नवीन कामाचं नीट लिही. गोळ्या मोजायला बढती कशाला लागते?

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोसंबी माझ्या नावाची होती, लक्षात ठेवीन.

बढती अशी की आता मी औषधांच्या खिडकीमागून बाहेर आले. आमच्या शुश्रूषागृहात नव्वद म्हातारी माणसं कायमची राहतात. दर गुरुवारी डॉक्टरांबरोबर मी त्यांच्या खाटांपाशी जाते आणि प्रत्येकाचा औषधांचा कागद वाचते. कोण काय घेतं, का घेतं, कधीपासून, आणि अजून गरज आहे का. तू मुद्रितं तपासायचीस ना, तसंच. फरक एवढाच की माझी चूक राहिली तर शुद्धिपत्र छापता येत नाही. काल एका आजोबांच्या तीन गोळ्या बंद करवल्या तर ते माझ्यावर रुसले. म्हणाले, “तीन गोळ्या कमी, म्हणजे माझ्याकडे लक्ष तेवढं कमी.” शेवटी रोज सकाळी त्यांच्याशी तीन मिनिटं बोलायचं ठरलं. एका गोळीला एक मिनिट.

आता तुझ्यावर येते. दादाचा फोन आला होता. तू ‘बसली’ नव्हतीस, पडली होतीस. एकदा नाही, दोनदा. आणि तिसऱ्या मजल्याच्या हवेबद्दल तू लिहिलंस, दाराबद्दल नाही. ते दार बाहेरून बंद असतं आणि तिथे स्मरण गेलेली माणसं ठेवतात, हे मला तुझ्या मुलाकडून कळावं? मेट्रनबाईंनी त्याला फॉर्म पाठवलाय. ३१ मार्चपर्यंत सही करून द्यायचा आहे. दादा रडत होता, आत्या. म्हणाला, “आई फोनवर मला दोनदा मामा म्हणाली.”

हसण्यावारी नेऊ नकोस. काय होतंय ते लिही.

तुझी पुडी


१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय पुडि,

अनेक आशिर्वाद. तुझं पत्र आलं. तू दादाचं काहि मनावर घेऊ नको, तो लहानपणापासून घाबरट.

मी बरी आहे. समोर गॅरेज आहे, तिथे चाकं काढतात आणि परत लावतात. चहा आला नाही अजून. का आला होता. कप तर इथे आहे.

तुझी परिक्षा कधी आहे? नीट अभ्यास कर. बाबांना सांग मी रविवारी येते.

समोर गॅरेज आहे, तिथे चाकं काढतात. मला हे लिहून झालं असं वाटतंय.

आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझी परीक्षा एकोणीस वर्षांपूर्वी झाली. पास झाले. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, ते तुलाही माहीत आहे, म्हणून ती ओळ मी दोनदा वाचली आणि मग पाणी प्यायले.

पण मला त्याहून जास्त कशाने हादरवलं सांगू? तू ‘आशीर्वाद’ ऱ्हस्व लिहिलास. तू! मी वसतिगृहातून लिहिलेली पत्रं लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवणारी बाई!

मग मी तुझी गेल्या वर्षभराची पत्रं काढून टेबलावर मांडली. तुला वर वेळ लिहायची सवय आहे हे किती बरं! सकाळची पत्रं वेगळी लावली, संध्याकाळची वेगळी. सकाळच्या ढिगात अगदी परवापर्यंत एकही चूक नाही, टोमणे भरपूर. संध्याकाळची ऑगस्टपर्यंत चोख आहेत. त्यानंतर ती दुसऱ्याच कुणी बाईने लिहिल्यासारखी आहेत.

संध्याकाळी गोंधळ वाढणारी माणसं असतात, मी पाहिली आहेत. तुझं तसंही असेल, मी खोटा धीर देणार नाही. पण आधी गोळ्या बघायच्या आणि मग माणसाला नाव ठेवायचं, असा माझा नियम आहे. म्हणून दोन कामं कर. सकाळीच कर.

एक, उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जातं, किती वाजता, कशाबरोबर, ते लिही. दोन, सिस्टरच्या खोलीत तुझा औषधांचा कागद टांगलेला असेल. त्यावरचं जसंच्या तसं उतरवून पाठव. दुरुस्त न करता. हे तुला जड जाईल, पण कर.

पुडी


२२ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

प्रिय पुडीस,

तुझी १३ तारखेबद्दलची ओळ वाचली. ते पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. हे मी आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

हो, दोनदा पडले. दुसऱ्यांदा दुपारी, बाथरूमच्या दारात. हो, दादाला मामा म्हणाले असेन. दुपार झाली की डोक्यात कुणीतरी ओला कापूस भरतं. मला वाटलं, हेच ते. येतं म्हणतात तसं आलं. म्हणून लपवलं. तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांना जाळी आहे आणि कुणाच्या हातात पेन देत नाहीत. मला मरणाची नाही, त्या मजल्याची भीती वाटते. झालं लिहून.

आता तुझी कामं. उठल्यावर चहा आणि त्याबरोबर थायरॉइडची गोळी, शेजारी कॅल्शियमची. नाश्त्यानंतर रक्तदाबाची. दुपारी जेवण. जेवणानंतर मी खुर्चीत पेपर घेऊन बसते, दुसऱ्या पानावर डोळा लागतो, मग सिस्टर हलवून उठवते आणि एक छोटी पांढरी गोळी देते. रात्री काही नाही.

दुसरं काम सोपं नव्हतं. ही सिस्टर नवीन आहे, कष्टाळू, पण नियमाला फार घट्ट.

“सिस्टर, माझा कागद दाखव.”

“आजी, तो पेशंटला दाखवत नाहीत.”

“माझा आहे ना? मग मी माझा वाचते. दुसऱ्यांचे तू वाच.”

दाखवला बिचारीने. बाकी सगळं मी वर लिहिलं तसंच आहे. शेवटची ओळ मात्र अक्षर न अक्षर अशी:

झोप लागल्यास १ गोळी.

मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. विचारलं, “हे वाचून तू काय करतेस?”

“तुम्हाला झोप लागली की देते.”

“झोप लागलेल्या माणसाला?”

“उठवून देते ना आजी! झोपेत कशी गिळाल? ठसका लागेल.”

पुडे, मी इतकी हसले की तिने मला पाणी दिलं. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, गोडी लागते. औषधही ‘लागतं’, म्हणजे गरज पडते. या भाषेत ‘लागणं’ एकच आणि त्याचे धंदे पन्नास. हा छापील कागद सप्टेंबरात आला, जुने हाताने लिहिलेले काढून टाकले. म्हणजे पाच महिने मला झोप लागल्याची शिक्षा म्हणून झोपेची गोळी मिळते आहे. आणि मी, मुद्रितशोधक, दोन दारं पलीकडे टांगलेला कागद एकदाही वाचला नाही!

आता बघतेच मी त्या गोळीकडे.

आत्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मीही हसले. इतकी की आमच्या डॉक्टरांनी दारातून डोकावून विचारलं. त्यांना सांगितलं, तेही हसले, आणि मग म्हणाले, “पाच महिने? रोज?”

तुझ्या डॉक्टरांनी बहुधा ‘झोपेची गोळी, लागल्यास’ असं लिहिलं असणार. म्हणजे गरज पडली तर, एखाद्या रात्री. ती रोज दुपारी घ्यायची गोष्टच नाही. तुझ्या वयात ही गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रेंगाळते. तोल जातो, जीभ जड होते, आत्ताचं विसरायला होतं. सगळा दोष तिचाच आहे असं मी म्हणणार नाही, पण संशयितांत पहिली तीच. शिवाय थायरॉइडची गोळी चहा आणि कॅल्शियमबरोबर घेतेस, ती पुरती लागूच पडत नसणार. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर, कॅल्शियम चार तासांनी. हेही तुझ्या डॉक्टरांना लिहिलंय.

आता नीट वाच, मी दोनदा अधोरेखित करते आहे. ती झोपेची गोळी स्वतःहून बंद करू नकोस. ‘बघतेच मी’ हे तुझं वाक्य मला आवडलेलं नाही. रोज पाच महिने घेतलेली ही गोळी अचानक सोडली तर शरीर आदळआपट करतं. ती थोडी थोडी उतरवतात, आठवड्यांच्या हिशोबाने. डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत शहाण्यासारखी वाग. तुझ्या मानाने शहाण्यासारखी.

पुडी


३ मार्च, सकाळ

प्रिय पुडी,

अक्षराला हसू नकोस. हे माझं नाही, हाताचं आहे.

तुझं ‘बंद करू नकोस’ आलं तेव्हा बंद करून आठ दिवस झाले होते. सिस्टर वळली की गोळी जिभेखालून काढून चष्म्याच्या घरात. मला वाटलं, चूक सापडली, आता खोडून टाकायची. खोडणं सोडून मी आयुष्यात दुसरं काय केलं?

चार दिवस डोळ्याला डोळा नाही. हात थरथरतात, छातीत धडधड, कुणी दार लावलं तरी दचकते. काल मेट्रनबाईंसमोर चष्मा काढायला घर उघडलं आणि आठही गोळ्या फरशीवर टणटण. त्या खाली वाकल्या, एकेक उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, “औषध लपवायला लागल्या म्हणजे आता वर न्यायलाच हवं. तुमच्या भल्यासाठीच, आजी.” बाई वाईट नाही गं. तिला खरंच तसं वाटतं.

दादाला त्यांनी फोन केलाय. तो सही करणार.

ये.

आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

परवा घरी पोचले. तुला व्हरांड्यात बसवून आम्ही आत काय बोललो ते सांगायचं राहिलं. तुला अर्धवट ऐकू आलं असेल आणि बाकीचं तू भरलं असशील, म्हणून खरं काय ते लिहिते.

डॉक्टर आधी माझ्यावर उखडले. “मी असं लिहिलेलंच नाही!” मग जुनी फाइल काढली. त्यात त्यांच्या हातचं होतं: ‘झोपेची गोळी १, लागल्यास’. छापील कागद करणाऱ्या ऑफिसातल्या कारकुनांना बोलावलं. ते म्हणाले, “सर, तुमचं अक्षर लागत नाही. मी वाक्य जरा सरळ केलं.” डॉक्टरांनी स्वतःचं अक्षर डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं. त्यांनाही लागेना. त्यानंतर खोलीत आवाज चढला नाही.

ठरलं ते असं. गोळी पुन्हा सुरू, पण रात्री झोपताना. मग दर पंधरा दिवसांनी थोडी कमी, एप्रिलअखेर बंद. रोज सकाळी सिस्टर तुझा तोल, हात आणि झोप वहीत लिहील. मला आठवड्याने कळवील. पोरगी हुशार आहे, तिला कुणी ‘का’ विचारायला शिकवलंच नव्हतं.

फॉर्म थांबवलाय, १५ मेपर्यंत. त्या दिवशी डॉक्टर तुला तपासतील. वेळ मी मागून घेतली, दुपारी चारची. मेट्रनबाई म्हणाल्या, “सकाळी आजी छान असतात, सकाळी घ्या ना.” मी म्हटलं, म्हणूनच चारला.

आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. मी दादाला शब्द दिलाय. १५ मेला तू आहेस तशीच असलीस, तर मी आड येणार नाही. दुसऱ्या मजल्यावर पडून कंबर मोडण्यापेक्षा तिसरा बरा, हे मलाही मान्य करावं लागेल. म्हणून या वेळी खोडाखोड नको. थोडी थोडीच कमी करायची.

पुडी


१६ मे, दुपारी साडेचार (मुद्दाम)

प्रिय पुडीस,

अनेक आशीर्वाद, दीर्घ.

मधल्या चिठ्ठ्यांत तुला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं रोज वेगळं होतं. मार्चात मी जगाला शिव्या दिल्या. एप्रिलात एकदा संध्याकाळी पाच वाजता मला शब्दकोडं सुटलं आणि मी घाबरले, कुणाला सांगावं कळेना. सिस्टरला सांगितलं. तिने वहीत लिहिलं, ‘कोडे सुटले.’

तर काल. चार वाजता ऑफिसात डॉक्टर, मेट्रनबाई, आणि टेबलावर दादा, म्हणजे फोनमधला. मला म्हणाले, वार? सांगितला. महिना? सांगितला. शंभरातून सात सात कमी करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, चौसष्ट. मेट्रनबाईंचं पेन उचललं गेलं. डॉक्टर म्हणाले, “थांबा, मीही मनात चौसष्टच म्हणालो होतो.” दोघांचं चुकलं होतं. 

मग कागद दिला. म्हणाले, मनाला येईल ते एक पूर्ण वाक्य लिहा. मी लिहिलं: ‘रात्री झोप येत नसेल आणि रुग्णाने स्वतः मागितली, तरच झोपेची एक गोळी द्यावी, झोपलेल्यास उठवू नये.’

डॉक्टरांनी वाचलं, मेट्रनबाईंकडे सरकवलं. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, “हे मी औषधांच्या छापील कागदावर घेऊ का?” मी म्हटलं, “स्वल्पविराम गाळणार नसाल तर घ्या.”

एवढ्यात फोनमधून दादा, “आई, काय झालं? मला कुणी सांगेल का?” मी म्हटलं, “जरा धीर धर, मोठी माणसं बोलताहेत.” तो म्हणाला, “कितीतरी महिन्यांनी तू मला रागावलीस.” आणि नाक ओढल्याचा आवाज आला. हे मला फोनवर पूर्ण ऐकू आलं.

फॉर्म फाडला नाही, फाइलला लावला. सहा महिन्यांनी पुन्हा बघतील. बघू देत. मी अजून भिंत धरून चालते. नावं विसरते. काल वाटाण्याला वाल म्हणाले. पण हे विसरणं माझ्या वयाचं आहे, ते मला चालतं.

खोली तीच. दुसरा मजला.

आत्या


२१ मे

प्रिय आत्या,

पत्र घेऊन मी आमच्या आजोबांपाशी गेले आणि त्यांच्या तीन मिनिटांत त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, “चौसष्टच बरोबर आहे.”

तुमच्या डॉक्टरांचा फोन आला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे येऊन सगळ्यांचे कागद वाचाल का, असं विचारलं. हो म्हटलं. हे मला तुझ्यासाठी नाही, कामासाठी करायचं आहे, पण जेवायला तुझ्याच टेबलावर बसेन.

त्यांनी कपाट उघडून पाहिलंय. कारकुनांनी ते वाक्य एकदाच सरळ केलं आणि मग सगळीकडे तेच उतरवलं. अकरा कागदांवर आहे, आत्या. त्यातले चार तिसऱ्या मजल्याचे. कुणाचे ते मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाही. सगळ्यांची हळूहळू उतरवायची. फार आशा धरू नकोस. काहींचं स्मरण खरंच गेलेलं आहे, ते गोळीने गेलं नाही आणि गोळी काढून येणार नाही.

पुडी


२ ऑगस्ट, संध्याकाळी पाच

प्रिय पुडीस,

तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण लिफ्ट माझ्या दारासमोर आहे, त्याला तू काय करशील?

माझ्या शेजारच्या खोलीत एक शिवणवाल्या बाई होत्या. सरळ शिवण, वाकडी जीभ. डिसेंबरात त्यांना वर नेलं. खोली रिकामी राहिली, आणि दारातली त्यांची वेताची खुर्ची माझ्या पाठीला चांगली पडते, म्हणून मी तीत बसायला लागले.

आज चार वाजता मी तिथेच पेपर वाचत होते. लिफ्ट उघडली. सिस्टरचा हात धरून बाई बाहेर आल्या. बारीक झाल्या आहेत, केस कुणीतरी घाईत विंचरलेले. सिस्टरने मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. बाई चालत माझ्यापुढे येऊन थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ. मला वाटलं, नाही. हिचं खरंच गेलं.

म्हणाल्या, “तुम्ही कोण?”

मी हळूच माझं नाव सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं.

“ते मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या खुर्चीत बसणाऱ्या तुम्ही कोण?”

बाकीचे तिघे वरच आहेत. सिस्टर म्हणते, त्यातले एक गृहस्थ आता जेवताना जागे असतात, एवढंच. एवढंही लिहून ठेव.

मी निमूट उठले. माझ्यासाठी शनिवारी येताना एक उशी आण, पाठीला.

तुझी आत्या